पंडिता रमाबाई आणि पवित्र त्रैक्याचें रहस्य



आपण प्रातःकाळीं उठतांना, भोजनास बसतांना, मिस्साच्या आरंभीं व अखेरीस, आणि आप्तस्वकीयांस मातीच्या स्वाधीन करितांना क्रूसाची खूण करून तीन नांवें उच्चारतों. नांवें तीन, परंतु ज्याला हांक मारावयाची तो देव एकच. लहानपणापासून ही खूण आपल्या हातास इतकी सवयीची झालेली असते कीं, ती करितांना बुद्धीला कांहीं विचारावें लागत नाहीं. परंतु एखादा दिवस असा उगवतो कीं, आपलेंच एखादें लेकरूं किंवा कामावरचा एखादा हिंदु अथवा मुसलमान स्नेही सरळ मनानें विचारतो, तुमचे देव तीन कीं एक? मग हात जेथल्या तेथें थांबतो, आणि आपण कांहींतरी बोलून विषय बदलतों.

आपल्या धर्मग्रामाच्या या महोत्सवी पुस्तिकेसाठीं लेख लिहावयास बसलों, तेव्हां हाच प्रश्न माझ्यापुढें होता. त्याचें नुसतें शास्त्रीय विवेचन करण्याऐवजीं, ज्या एका थोर स्त्रीनें हा प्रश्न आपल्या महाराष्ट्रांत सर्वांहून अधिक उघडपणें विचारला, तिचें चरित्र आपणांपुढें ठेवावें असें मनांत आलें. ती स्त्री म्हणजे पंडिता रमाबाई. त्या आपल्या कॅथॉलिक ख्रिस्तसभेच्या नव्हत्या, हें आरंभींच सांगून टाकतों. त्यांचा बाप्तिस्मा इंग्लंडच्या अँग्लिकन मंडळींत झाला, आणि पुढें त्या कोणत्याहि एका पंथाच्या चौकटींत फारशा मावल्या नाहींत. तथापि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नांवानें ज्याचा बाप्तिस्मा झाला, तो आपला भाऊ व ती आपली बहीण, असेंच आपली ख्रिस्तसभा शिकविते. तेव्हां बहिणीचें चरित्र वाचण्यास संकोच कशाला?

रमाबाईंचा जन्म ता. २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रीच्या रानांतील गंगामूळ येथें झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण व संस्कृताचे गाढे पंडित. स्त्रियांनीं संस्कृत शिकूं नये असा त्या काळचा दंडक असतां शास्त्रीबोवांनीं आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविलें, आणि त्याबद्दल पंडितांच्या सभेपुढें शास्त्राधार दाखविण्याचा प्रसंगहि सोसला. याच आईच्या मुखांतून बाळ रमेनें पुराणांचे सहस्रावधि श्लोक कंठस्थ केले. पुढें सारें कुटुंब तीर्थयात्रेस निघालें. देवळांत व घाटांवर बसून पुराणें सांगावीं, मिळेल तें अर्पण घ्यावें आणि पुढच्या क्षेत्राची वाट धरावी, असा अनेक वर्षांचा क्रम होता.

मग मद्रास इलाख्यांतील भयंकर दुष्काळ ओढवला. सन १८७४ च्या सुमारास थोडक्या महिन्यांच्या अंतरानें वडील, आई व वडील बहीण अशीं तिघें उपासमारीनें व आजारानें गेलीं. मागें राहिलीं तीं रमा व तिचे बंधु श्रीनिवास. हीं दोघें भावंडें हिंदुस्थानांत शेंकडों कोस पायीं फिरलीं. नवससायास झाले, उपास झाले, पवित्र नद्यांचीं स्नानें झालीं. परंतु उपाशी पोटास उत्तर देणारा कोणी भेटला नाहीं. याच भ्रमंतींत दगडाच्या मूर्तींवरील त्यांचा विश्वास हळूहळू उडाला. त्यांचें मन रितें झालें, पण देवाविषयींची तहान गेली नाहीं, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

सन १८७८ मध्यें भावंडें कलकत्त्यास पोंचलीं. वीस वर्षांची तरुणी अस्खलित संस्कृतांत बोलते, हें पाहून तेथील पंडितमंडळी थक्क झाली व त्यांनीं रमाबाईंस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. तेथेंच ब्राह्मसमाजाचे पुढारी केशवचंद्र सेन यांची भेट झाली, आणि त्यांनीं स्त्रियांस निषिद्ध मानलेला वेदग्रंथ रमाबाईंच्या हातीं दिला. याच केशवचंद्रांनीं सन १८८२ मध्यें कलकत्त्यास ख्रिस्ती त्रैक्यावर एक जाहीर व्याख्यान देऊन, आपल्या वेदान्तांतील सत्, चित् व आनंद या तीन शब्दांच्या साहाय्यानें तें रहस्य समजून घेण्याचा प्रयत्न केला. पुढें कॅथॉलिक झालेले बंगाली विद्वान ब्रह्मबांधव उपाध्याय यांनीं सन १८९८ मध्यें याच सच्चिदानंदास उद्देशून संस्कृत स्तोत्र रचलें, तें आजहि आपल्या अनेक धर्मविद्यालयांत गायिलें जातें. म्हणजे हिंदुस्थानच्या बुद्धीस त्रैक्याचा विचार अगदींच परका नव्हता. परंतु रमाबाईंच्या मनाचा मार्ग निराळा होता.

सन १८८० मध्यें बंधु श्रीनिवास वारले. त्याच वर्षीं रमाबाईंनीं बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशीं जातिबंधन झुगारून नोंदणी पद्धतीनें विवाह केला व त्या आसामांतील सिल्चर येथें राहूं लागल्या. तेथें आपल्याच घरांतील पुस्तकांत त्यांना संत लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सांपडली. एका बाप्तिस्त मिशनऱ्याकडून त्यांनीं उत्पत्तीच्या पुस्तकाचाहि अर्थ समजून घेतला. ख्रिस्ती होण्याचा त्यांचा विचार पतीस रुचला नाहीं. एप्रिल १८८१ मध्यें कन्या मनोरमा जन्मली, आणि फेब्रुवारी १८८२ मध्यें पटकीच्या विकारानें पति निवर्तले. तेविसाव्या वर्षीं वैधव्य, पदरीं दहा महिन्यांची मुलगी, आणि माहेर म्हणून कोणीहि नाहीं, अशा स्थितींत त्या आपल्या पूर्वजांच्या भाषेच्या प्रदेशांत, म्हणजे पुण्यास, आल्या.

पुण्यानें त्यांचें उत्तम स्वागत केलें. न्यायमूर्ति रानडे व डॉक्टर भांडारकर यांच्यासारखे सुधारक पाठीशीं उभे राहिले. आर्य महिला समाज निघाला, स्त्रीधर्मनीति हें पुस्तक प्रसिद्ध झालें, आणि शिक्षणासंबंधींच्या हंटर कमिशनपुढें रमाबाईंनीं साक्ष देऊन स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टर यांची निकड मांडली. याच काळांत पुण्याच्या पंचहौद मिशनशीं त्यांचा परिचय झाला. सन १८९० च्या चहाच्या प्रकरणानें पुढें गाजलेलें तेंच हें ठिकाण. तेथें नीळकंठशास्त्री गोरे, ऊर्फ फादर नेहेम्या गोरे, यांचा वास असे. गोरेशास्त्री हेहि चित्पावन, काशींत वाढलेले, षड्दर्शनांत पारंगत, आणि सन १८४८ मध्यें ख्रिस्ती झालेले. ज्यांनीं स्वतः वर्षानुवर्षें शंकांशीं झुंज दिली, असा हा विनम्र पुरुष रमाबाईंस लाभला, हें त्यांचें भाग्य. पुढें त्यांनीं मराठींत लिहून पाठविलेल्या मजकुरानें रमाबाईंच्या पुष्कळ शंका दूर झाल्या.

सन १८८३ मध्यें वैद्यकी शिकण्याच्या हेतूनें रमाबाई लहानग्या मनोरमेसह इंग्लंडास गेल्या व वाँटेज गांवीं अँग्लिकन धर्मभगिनींच्या मठांत उतरल्या. ऐकूं कमी येत असल्यानें वैद्यकीचा बेत सोडावा लागला. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांचा तेथेंच दुःखद अंत झाला. परंतु एक गोष्ट त्यांच्या अंतःकरणांत खोल रुतली. लंडनजवळील फुलहम येथें धर्मभगिनींनीं पतित म्हणून टाकून दिलेल्या स्त्रियांसाठीं आश्रम चालविला होता. ज्यांच्या सावलीसहि लोक उभे राहत नाहींत, त्यांच्याशीं एवढ्या ममतेनें कोणी वागूं शकतें, हें त्यांनीं प्रथमच पाहिलें. विहिरीवर शोमरोनी स्त्रीशीं बोलणारा ख्रिस्त त्यांना तेथें ओळखूं आला. ता. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं माता व कन्या दोघींचा बाप्तिस्मा झाला.

येथून खऱ्या झगड्यास आरंभ होतो. पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नांवानें डोक्यावर पाणी पडलें होतें. पण त्या तीन नांवांचा मेळ त्यांच्या बुद्धीस लागत नव्हता. पुढें त्या चेल्टनहम येथील स्त्रियांच्या महाविद्यालयांत शिकत असतां व संस्कृत शिकवीत असतां, वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन आणि महाविद्यालयाच्या मुख्याध्यापिका मिस बील यांच्याशीं त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार झाला. हीं पत्रें सन १९७७ मध्यें मुंबईस ग्रंथरूपानें छापलीं गेलीं, म्हणून आपणांस हा वाद आज जवळून पाहतां येतो. देव एक आहे, हें त्यांना मान्य होतें. ख्रिस्त हा तारणारा, हें मान्य होतें. परंतु पुत्र हा पित्याच्या बरोबरीचा देव, हें सिद्ध कसें होतें, असें त्या विचारीत. अथानासियसच्या नांवानें चालणाऱ्या श्रद्धाप्रकटनाची कठोर भाषा त्यांना पटेना. सिस्टर जेराल्डीन यांस हा हट्ट व अभिमान वाटे. रमाबाईंचें म्हणणें असें होतें कीं, ब्राह्मणांच्या अधिकाराचें जूं मोठ्या कष्टानें मानेवरून काढलें, तें आतां दुसऱ्या पुरोहितांचें जूं न समजतां घालून घेण्यासाठीं नव्हे. हिंदी ख्रिस्ती स्त्रीच्या क्रूसावर लॅटिन अक्षरें कशासाठीं, संस्कृत कां नकोत, असाहि प्रश्न त्यांनीं केला होता.

वाचकहो, येथें थोडें थांबून ही अडचण समजून घेऊं. ज्या स्त्रीनें अनेक देवतांच्या दारीं डोकें टेकून टेकून शेवटीं एका देवाचा आसरा घेतला, तिला तीन हा आंकडा ऐकतांच भय वाटणें स्वाभाविक आहे. आपल्या देशांत त्रिमूर्तीची कल्पना सर्वांच्या परिचयाची. ब्रह्मदेव उत्पन्न करतो, विष्णु पालन करतो, महेश संहार करतो, अशी तेथें कामांची वांटणी आहे. ख्रिस्ती त्रैक्य म्हणजे अशी वांटणी नव्हे. जगाची उत्पत्ति, तारण व पवित्रीकरण हें तिन्ही व्यक्तींचें एकच कार्य आहे.

दुसरी चूक आपण स्वतः शिकवितों. एकच मनुष्य मुलाचा बाप, बापाचा मुलगा आणि पत्नीचा पति असतो, तसा देव तीन आहे, असें कित्येक धर्मशिक्षक मुलांस सांगतात. दृष्टान्त सोपा आहे, पण खोटा आहे. तिसऱ्या शतकांत साबेलियस नांवाच्या माणसानें हीच कल्पना मांडली, आणि ख्रिस्तसभेनें ती नाकारली. एकच नट तीन मुखवटे घालतो, तसें जर असतें, तर गेथशेमनीच्या बागेंत प्रभु येशू कोणाची प्रार्थना करीत होता? यार्देन नदींत पुत्र उभा असतां वरून कोणाची वाणी आली?

तिसरी चूक मराठीच्या व्यक्ति या शब्दामुळें होते. गोविंद, सखाराम व जोसेफ या तीन व्यक्ति म्हणजे तीन माणसें. कारण प्रत्येकाचें मन वेगळें, इच्छा वेगळी, बळ वेगळें. देवाच्या ठायीं तसें नाहीं. तेथें ज्ञान एक, इच्छा एक, सामर्थ्य एक, सत्त्व एक. भेद आहे तो केवळ परस्परसंबंधाचा. पिता हा जनक, पुत्र हा अनादिकालापासून त्याच्यापासून जन्मलेला, आणि पवित्र आत्मा हा पिता व पुत्र यांजपासून निघणारा. पुत्र हा श्रेष्ठ असला तरी निर्मिलेलाच, असें म्हणणाऱ्या आरियसचें मत सन ३२५ मध्यें निसीया येथील धर्मपरिषदेनें खोडून काढलें, आणि पवित्र आत्म्याविषयींची शिकवण सन ३८१ मध्यें कॉन्स्टँटिनोपल येथील परिषदेनें स्पष्ट केली. आपण रविवारीं मिस्सांत जें श्रद्धाप्रकटन म्हणतों, तें या दोन परिषदांचें फळ होय.

मग हें गूढ बुद्धीविरुद्ध आहे काय? नाहीं. एक देव व तीन देव असें आपण म्हणत नाहीं. एक सत्त्व व तीन व्यक्ति असें म्हणतों. तें बुद्धीच्या पलीकडचें आहे, बुद्धीच्या विरुद्ध नव्हे. आणि एक विचार असा कीं, देव प्रेमस्वरूप आहे हें तर आपण सर्वच मानतों. मग जग निर्माण होण्यापूर्वीं त्यानें कोणावर प्रेम केलें? प्रेमास प्रेम करणारा लागतो, प्रेमाचा विषय लागतो, आणि दोघांस जोडणारें तें प्रेमहि लागतें. संत अगस्तीननें पंधरा भागांच्या आपल्या ग्रंथांत या दृष्टान्ताचा आधार घेतला, आणि तोहि अपुरा आहे हें कबूल केलें.

आतां रमाबाईंच्या चरित्राकडे वळूं. सन १८८६ मध्यें, डॉक्टर आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानाच्या निमित्तानें, त्या अमेरिकेस गेल्या. तेथें उच्चवर्णीय हिंदु स्त्रियांच्या स्थितीवर त्यांनीं इंग्रजींत लिहिलेलें पुस्तक सन १८८७ मध्यें प्रसिद्ध झालें व बालविधवांच्या शाळेसाठीं साहाय्य मिळालें. ता. ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत शारदासदन उघडलें, आणि सन १८९० मध्यें तें पुण्यास आणलें. त्याची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, याच पुढें महर्षि कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. सन १८९३ मध्यें सदनांतील मुलींस ख्रिस्ती केलें जातें असा गवगवा उठला. केसरीनें टीकेचा मारा केला. रानडे व भांडारकर यांनीं सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. ज्या पुण्यानें अकरा वर्षांपूर्वीं पायघड्या घातल्या, त्यानेंच दारें लावून घेतलीं.

या विपत्तीच्या थोडें अगोदर, सन १८९१ च्या सुमारास, त्यांच्या अंतर्यामीं एक पालट झाला होता. सन १९०७ मध्यें प्रसिद्ध केलेल्या आत्मवृत्तांत त्या सांगतात कीं, आपण आजवर ख्रिस्ताचा धर्म स्वीकारला होता, परंतु खुद्द ख्रिस्ताला भेटलोंच नव्हतों, हें आपणांस उमगलें. वाद करून जो पुत्र सिद्ध होत नव्हता, तो त्यांना तारणारा म्हणून भेटला. त्यानंतर कांहीं वर्षांनीं पवित्र आत्म्याच्या देणगीची तीव्र इच्छा त्यांच्या मनांत उत्पन्न झाली व त्या त्याकरितां प्रार्थना करूं लागल्या. जून १९०५ मध्यें त्यांच्या आश्रमांत जी प्रार्थनेची मोठी लाट उसळली, ती याच प्रार्थनेचें फळ असें त्या मानीत.

सन १८९६-९७ च्या दुष्काळांत त्या मध्यप्रांतांत स्वतः गेल्या. आपले आईबाप व बहीण कशीं गेलीं, हें त्या विसरल्या नव्हत्या. तेथून त्यांनीं सुमारें तीनशें अनाथ मुली व विधवा आणल्या. पुण्यांत प्लेगचा कहर होता, म्हणून दौंडच्या लोहमार्गावरील केडगांव येथें घेतलेल्या जमिनीवर त्यांना आसरा दिला. तेंच मुक्ति मिशन. तेथें आंधळ्या मुलींस शिक्षण मिळालें, टाकून दिलेल्या स्त्रियांसाठीं कृपासदन उभें राहिलें, आणि मुलींनीं छापखानाहि चालविला. फुलहमच्या धर्मभगिनींचें ऋण त्यांनीं असें फेडलें.

शेवटचीं अनेक वर्षें त्यांनीं एका प्रचंड कामास वाहिलीं. हिब्रू व ग्रीक भाषा शिकून त्यांनीं बायबलचें असें मराठी भाषांतर केलें कीं, तें अशिक्षित बाईलाहि समजावें. जुळारीचें व छपाईचें काम आश्रमांतील स्त्रियांनींच केलें. जुलै १९२१ मध्यें एकुलती एक कन्या मनोरमा निवर्तली, आणि ता. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाईंनीं देह ठेवला. तें संपूर्ण बायबल त्यांच्या पश्चात् सन १९२४ मध्यें बाहेर पडलें.

या चरित्राकडे पाहतां मला एक क्रम दिसतो. तो त्यांनीं मुद्दाम आंखलेला नव्हता; ही माझी समजूत आहे. प्रथम एक देव, निराधारांचा पिता. मग खाली उतरून हात धरणारा पुत्र. आणि शेवटीं आंत राहून बळ देणारा आत्मा. ज्या त्रैक्याचें कोडें चेल्टनहमच्या पत्रांत सुटलें नाहीं, त्याच्या तिन्ही व्यक्तींची ओळख त्यांना आयुष्याच्या वाटेवर पटली. आरंभींच्या शिष्यांचेंहि असेंच झालें. त्यांनीं पित्याची प्रार्थना केली, पुत्राबरोबर चालले, आत्म्यानें भरून गेले. शब्द व व्याख्या मागाहून तीनशें वर्षांनीं ठरल्या.

याचा अर्थ व्याख्या निरुपयोगी, असा कोणीं घेऊं नये. येथें माझें रमाबाईंशीं दुमत आहे, आणि तें आदरपूर्वक सांगतों. श्रद्धाप्रकटन हें जूं नव्हे. ज्यांनीं देवाला अनुभवलें, त्यांनीं पुढील पिढ्यांस वाट चुकूं नये म्हणून रोवलेले ते कोसाचे दगड आहेत. परंतु दगड दाखवून वाटसरूस दटावणें हें कांहीं मार्गदर्शन नव्हे. हें मी कोणत्या अधिकारानें लिहितों? अपराध्याच्या. पुष्कळ वर्षांपूर्वीं, मी नवा धर्मगुरु असतां, पहिल्या कम्युनियनच्या वर्गांत एका मुलीनें मला विचारलें कीं, फादर, तीन आणि एक हें गणित मला येत नाहीं, तर मी खोटें बोलून आमेन म्हणूं काय? मी तिला गप्प बसविलें व हें गूढ आहे, प्रश्न विचारूं नयेत असें सांगितलें. ती गप्प बसली, आणि पुढें कित्येक वर्षें मिस्सालाहि गप्पच बसत असे. रमाबाईंचीं पत्रें वाचतांना मला वारंवार ती मुलगी आठवली. तिला मीं सांगावयास हवें होतें कीं, बाळ, तुला समजतें तेवढ्याला आज आमेन म्हण, आणि उरलेलें देवालाच विचारीत राहा. तो रागावत नाहीं. फादर गोऱ्यांनीं रमाबाईंस असेंच धीरानें वागविलें. म्हणूनच त्यांचा शब्द जेथें पोंचला, तेथें इतरांचा पोंचला नाहीं.

आईबापांनो व धर्मशिक्षकांनो, या महोत्सवाच्या वर्षीं माझें एवढेंच मागणें आहे. आपल्या घरांत कोणी असा प्रश्न विचारील, तर त्याला नास्तिक म्हणूं नका आणि खोटा दृष्टान्तहि देऊं नका. जेवढें ठाऊक आहे तेवढें सरळ सांगा, आणि मग त्याच्यासह प्रार्थनेस बसा. पवित्र त्रैक्याच्या रविवारीं, आणि त्यानंतर रोजच, क्रूसाची खूण थोडी सावकाश करा. कपाळावर हात जाईल तेव्हां ज्यानें आपणांस निर्मिलें त्याला स्मरा, छातीवर येईल तेव्हां जो आपल्यांत येऊन राहिला त्याला, आणि खांद्यांवरून फिरेल तेव्हां जो रोजचें ओझें वाहण्यास बळ देतो त्याला. तीन नांवें उच्चारून होतील, आणि मग आमेन म्हणावयाचें तें एकाच देवाला.

आपला धर्मगुरु